सुट्टे

डबीवर चिकटपट्टी: सरोज डोळस, त्रेचाळीस, स्त्री.
कागदावर तांबोळी मॅडमचं तिरकं अक्षर:
जळजळ. सारखं जावं लागतं. ताप नाही, पाठ दुखत नाही.
आणि खाली, दोनदा रेघ ओढून:
आधी गोळ्या झाल्यात.

कोणत्या? मी खिडकीतून विचारलं.
खाकी शर्ट, खांद्याला तिकिटाचं मशीन.
"नाव कुठलं माहीत! पांढऱ्या होत्या.
मेडिकलवाल्यानं दिल्या पाच दिवसांच्या.
दीड दिवसात बरं वाटलं,
उरलेल्या जावेला दिल्या. तिलाही तेच होतं."

मग मी न विचारता म्हणाली,
कात्रज ते निगडी. दीड तास, कधी दोन.
स्टँडवरच्या संडासाला आतून कडी नाही.
म्हणून पाणीच पीत नाही ड्युटीवर,
सकाळची भरलेली बाटली
संध्याकाळी तश्शी घरी.

मी डबी पुढे केली.
पहिली धार सोडा, मधली धरा.
माझ्या अखत्यारीत एवढंच येतं.

रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, आमची लॅब.
तार लाल होईस्तोवर तापवायची, निवू द्यायची,
एक थेंब उचलून प्लेटवर रेघा ओढायच्या
आणि घरी जायचं.
सकाळी हळदीच्या ठिपक्यांसारख्या वसाहती,
मोजून लाखावर.
ई. कोलाय. आतड्यात गुमान राहते बिचारी,
चार बोटं पुढे सरकली की गुन्हेगार.

दुसऱ्या प्लेटवर तिलाच पसरून
चिमट्यानं सहा चकत्या ठेवल्या,
टिकलीएवढ्या, प्रत्येकीवर दोन-तीन अक्षरं.
आणखी एक रात्र.
डॉक्टरांना घाई असते, पेशंटला त्याहून जास्त,
जिवाणूला मात्र
सदतीस अंशांवर आपल्या वेळेनंच वाढायचं असतं.

तिसऱ्या सकाळी पट्टी घेऊन बसलो.
सिप्रोच्या चकतीला खेटून वाढलेत,
नो पार्किंगच्या पाटीखाली दुचाक्या लावाव्यात तसे.
ॲम्पिसिलीन, तेच.
कोट्राय, तेच.
नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र
झाडून काढलेलं गोल अंगण. एकवीस मिलिमीटर.
मेरोपेनेमभोवती त्याहून ऐसपैस, अठ्ठावीस.

मोठं वर्तुळ म्हणजे जास्त चांगलं औषध, असं नसतं.
प्रत्येकाचं माप वेगळं.
पंधरा वर्षं झाली, डोक्याला कळतं,
डोळा अजून ऐकत नाही.

मॅडमना फोन केला.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
"क्रिएटिनिन ठीक आहे. दिवस गेलेले नाहीत.
वर किडनीपर्यंत पोचलेलं दिसत नाही.
मग नायट्रोच. पाच दिवस."

संध्याकाळी ती आली, रिपोर्ट उभ्यानंच वाचला.
"इतके आर? नापास?"
तुम्ही नाही, औषधं.
तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.
"हे इंजेक्शन चालतंय ना? मोठं आहे ना?
मग तेच टोचा की. एकदाचं जाऊ दे."

मी सुरू झालो: राखीव औषध, आयसीयूतले पेशंट,
उद्या यालाही सवय झाली तर…
वाक्य लांबत गेलं, मलाच कंटाळा आला.
ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली,
"म्हणजे दहाच्या तिकिटाला पाचशेची नोट.
सकाळच्या पहिल्या फेरीला."
हो.
"नको मग. सुट्टेच द्या."

जेवणानंतर घ्या, सांगितलं.
लघवी गडद होईल, तपकिरीसुद्धा, घाबरायचं नाही.
बरं वाटलं तरी पाचही दिवस.
जावेला एकही नाही.
आणि पाणी भरपूर…
इथं मी थांबलो.
तिनं बाटली पिशवीत सारली,
माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही.

पुढच्या गुरुवारी खिडकीत एक डबी.
डोळस, एकोणतीस, स्त्री.
मॅडमच्या तिरक्या अक्षराखाली
दुसऱ्याच कुणाचं ठसठशीत, पेन दाबून लिहिलेलं:
आधीच्या गोळ्या सात, पांढऱ्या.
माझ्याच.